गळते इंजिन आणि फळत्याग

1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय घेऊन बोलले. ऐकणारे सत्याग्रही कैदी होते, टिपून घेणारे साने गुरुजी होते, आणि त्या अठरा रविवारांतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभे राहिले. फळाची आशा सोडणाऱ्याचे काम आशा धरणाऱ्याच्या कामापेक्षा सरस व्हायला हवे, कारण त्याचे सगळे लक्ष कामातच असते, असा एक मुद्दा विनोबांच्या त्या विवेचनात आहे. हा दावा ऐकायला गोड आहे. तो खरा आहे का, हे तपासण्यासाठी मात्र देवघर किंवा व्यासपीठ निवडून भागणार नाही. तिथे काम कच्चे राहिले तरी कोणाचे काही अडत नाही. गैरसोयीचे ठिकाण हवे. साठ-सत्तर वर्षे जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाच्या मागच्या टोकातून गळणारे तेल बंद करणे, हे असे ठिकाण आहे. दोष झाकलेल्या जागी असतो, सुटा भाग स्वस्त असतो, मेहनत अवाढव्य असते, आणि काम जमले की नाही हे गाडी काही शे किलोमीटर पळाल्याशिवाय कळत नाही. अशा कामात मिस्त्रीने फळावरची नजर काढली तर तो काम मन लावून करील की उरकून टाकील? ‘आपण आपले करायचे, पुढचे देवाच्या हाती’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा उरकलेल्या कामाच्या शेवटी ऐकू येते, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. माझे म्हणणे असे की त्या वाक्याने गीतेचा आधार घेऊ नये. गीता त्याच्या बाजूची नाही.

उदाहरणासाठी गाडी घेऊ एमजीए. ही दोन आसनांची उघडी ब्रिटिश गाडी 1955 साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात 1489 सीसीचे, बी-सीरीज म्हणून ओळखले जाणारे इंजिन होते. खानदेशात ती कितीजणांनी पाहिली असेल कोण जाणे. पण तिच्या इंजिनाचे सख्खे भावंड इथल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाने पाहिले आहे. हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसॅडरमध्ये पुढे हेच 1489 सीसीचे घराणे आले आणि पुढाऱ्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना घेऊन फिरले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात, आणि दुसरा पारोळा, एरंडोल करीत जळगावला येतो. या पट्ट्यातल्या जुन्या मिस्त्रींना परदेशी स्पोर्ट्‌स कारचे नाव माहीत नसेल, पण तिचे बॉनेट उघडले तर ते गोंधळणार नाहीत.

या इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथे क्रँक बाहेर येऊन फ्लायव्हीलला मिळतो, आजच्यासारखे रबरी ऑइल सील नाही. क्रँकवरच उलट्या आट्यांची एक खाच कापलेली असते आणि तिच्याभोवती केसाएवढी फट ठेवून एक धातूचे कडे असते. क्रँक फिरू लागला की त्या आट्या बाहेर येऊ पाहणारे तेल मागे, म्हणजे इंजिनाच्या चेंबरमध्ये ढकलतात. युक्ती सुंदर आहे, कारण काही घासत नाही आणि काही झिजत नाही. पण ती चालते ती फिरताना. इंजिन थांबले की आट्याही थांबतात, आणि उरलेसुरले तेल फटीतून ओघळते. मूळ आराखडा करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी क्लचभोवतीच्या बेल हाउसिंगच्या तळाला एक बारीक छिद्र ठेवले आणि त्यात एक सैल स्प्लिट पिन अडकवली. गाडी चालताना पिन हलत राहते, छिद्र मळाने बुजत नाही, आणि ओघळलेले तेल क्लचकडे न जाता जमिनीवर पडते. कारखान्यानेच गळतीला वाट करून दिली होती. पुढे एमजीएच्या जागी आलेल्या एमजीबीला 1964 च्या अखेरीस पाच बेअरिंगांचे इंजिन आले तेव्हा मागे ओठाचे रबरी सील बसवले गेले. त्याआधीच्या गाड्यांना थोडी गळती जन्मजात आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोष आणि स्वभाव यांच्यातली सीमा कुठे आखायची हा या सगळ्या चर्चेतला अवघड भाग आहे.

मागून तेल गळते म्हणजे ते मागूनच येते असेही नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले असेल, इंजिनाच्या कुशीतल्या झाकणाचे गेले असेल, ऑइल प्रेशरच्या मीटरकडे जाणारी नळी पाझरत असेल, तर वरचे तेल वाऱ्याने मागे सरकत बेल हाउसिंगवर येते आणि तिथून ठिबकते. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाचे तेलही त्याच छिद्रातून बाहेर पडते.  ब्रीदर चोंदला असेल तर पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू चेंबरमध्ये दाब वाढवतो आणि तो दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर रेटतो. अशा वेळी मागे कितीही नवे काही बसवले तरी गळती परत येते. मेन बेअरिंग झिजले असेल तर क्रँक खाली बसतो, केसाएवढी फट एका बाजूला मिटते आणि दुसरीकडे दुप्पट होते. म्हणून जाणता मिस्त्री आधी इंजिन धुतो, कोरडे करतो, वर खडूची किंवा टाल्कम पावडर मारतो, गाडी चालवतो, आणि पांढऱ्यावर काळी रेघ कुठून सुरू होते ते पाहतो. वरच्या गळतीचा दोष मागच्या टोकाला देण्यासारखे, एकाचा गुण दुसऱ्यावर लादणे याला वेदान्तात अध्यास म्हणतात. अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी 1916 साली काढलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात या विषयावर कसून विचार झाला. 1933 साली तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ नावाचे पुस्तक लिहिले. गिरणीतल्या तेलवाल्याला त्या चर्चेला बसवले असते तर दोरी आणि साप यांच्या जोडीला तिला एक ताजा दृष्टान्त मिळाला असता.

अठराव्या अध्यायात गीता कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगते : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा तिचा पुढचा निष्कर्ष आहे. हा श्लोक बहुधा नम्रतेचा उपदेश म्हणून सांगितला जातो. मला तो कारणमीमांसेचा नियम वाटतो. दुरुस्तीनंतर बेल हाउसिंग कोरडे राहणे हे फळ मिस्त्रीच्या हातावर अवलंबून आहे, क्रँकच्या झिजेवर आहे, आणलेल्या सुट्या भागाच्या प्रतीवर आहे, ब्रीदरवर आहे, मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात गाडी हाणणाऱ्या मालकावर आहे, आणि यात न मोजता आलेल्या आणखी कशावर तरी आहे. ‘तेल थांबवले ते मी’ हे वाक्य गर्विष्ठ असण्याआधी चुकीचे आहे. फळावरचा हक्क सोडणे म्हणजे हिशेब बरोबर मांडणे. माझ्या वाट्याला पाचातले जे येते तेवढेच माझ्या नावावर लिहिणे. आणि हिशेब असा मांडला की वाट्याला आलेल्या भागात सूट मिळत नाही, उलट तो भाग पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. तिसऱ्या अध्यायात ज्ञानी माणसाने आसक्त माणसाइतक्याच हिरिरीने काम करावे, फक्त आसक्ती सोडावी, असे सांगितले आहे. तुलना उत्साहाची आहे आणि तीत ज्ञान्याला सवलत नाही. दुसऱ्या अध्यायात योगाची ओळखच कर्मातले कौशल्य अशी करून दिली आहे.

इथे एक चलाख आक्षेप येतो. तेल थांबणे हेच तर या कामाचे फळ. तुम्ही त्यातला सोयीचा भाग ‘काम’ म्हणून आत ओढता आणि गैरसोयीचा ‘फळ’ म्हणून बाहेर ढकलता. आक्षेप रास्त आहे, म्हणून सीमा कुठे आखतो ते सांगायला हवे. काम चालू असताना हाताने, डोळ्याने, मापाने जे तपासता येते ते कामाचे अंग. फ्लायव्हील काढल्यावर मागच्या बेअरिंग कॅपच्या कडेच्या कॉर्कच्या पट्ट्या नीट बसल्या का, जुन्या पॅकिंगचा कण कुठे राहिला का, कडे आणि क्रँक यांच्यातली फट भोवताली सारखी आहे का, बोल्ट सांगितलेल्या ताणाला आवळले का, ब्रीदर मोकळा आहे का, हे सगळे तिथल्या तिथे पाहता येते. पाहिले नाही तर काम झालेले नाही, मग पुढे तेल गळो वा न गळो. उलट हे सगळे पाहून केले आणि पंधरा दिवसांनी थेंब दिसला, तर काम झाले होते. कारण दुसरीकडे शोधावे लागेल. सीमा काटेकोर नाही हे कबूल, पण कायद्यातही हयगय आणि अपघात यांच्यातली सीमा याहून काटेकोर नसते, आणि तिच्यावाचून आपले चालत नाही.

आता उलट बाजूने पाहू. ज्याची नजर फळावर आहे तो कोणती वाट धरतो? त्याचे फळ म्हणजे गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजून जाणे. तिथपर्यंत पोचण्याची सर्वांत जवळची वाट चेन पुलीला इंजिन टांगून, गिअरबॉक्स सोडवून, क्लच आणि फ्लायव्हील उतरवून जात नाही. ती जाड तेलाच्या डब्यातून जाते. जाड तेल सावकाश ओघळते, आठवडाभर जमीन बरी दिसते, आणि थंड इंजिनात बेअरिंगांपर्यंत तेल उशिरा पोचते त्याचा आवाज कोणाला येत नाही. नाहीतर ती गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटलीतून जाते. ही औषधे रबराला फुगवतात आणि मऊ करतात. थकलेल्या रबरी सीलवर त्यांचा काही काळ उपयोगही होतो. पण ज्या इंजिनात मागे रबरच नाही तिथे फुगवायचे काय? बाटली तरीही ओतली जाते, कारण ती इंजिनासाठी नसतेच, मालकाच्या डोळ्यांसाठी असते. काम झालेले दिसणे आणि काम होणे यांच्यात जिथे अंतर आहे, तिथे फळावर डोळा ठेवणारा दिसण्याकडे वळतो, आणि झाकलेल्या कामात हे अंतर सर्वांत मोठे असते. विनोबांचा दावा इथे खरा ठरतो. बाहेरच्या कर्माला आतून चित्ताची जोड हवी, त्या जोडीला त्यांनी विकर्म म्हटले. शंकराचार्यांच्या भाष्यात विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबांचा अर्थ वेगळा आहे आणि अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलेले आहे. अर्थ शब्दाला धरून नसेलही. कारागिराला तो धरून आहे, एवढे मला पुरते.

याहून जड आक्षेप मीमांसकांकडून येतो आणि तो फारसा कोणी पुढे आणत नाही. जैमिनीच्या परंपरेत नित्य कर्म आणि काम्य कर्म यांना वेगळे नियम आहेत. नित्य कर्म, जे फळासाठी नसून कर्तव्य म्हणून करायचे, ते यथाशक्ति केले तरी चालते; एखादे अंग राहिले तरी कर्म झाले असे मानतात. काम्य कर्म, जे स्वर्ग, पाऊस किंवा पुत्र हवा म्हणून करायचे, ते मात्र सगळ्या अंगांसह पुरे व्हावे लागते, नाहीतर फळ नाही. म्हणजे आपल्याच शास्त्राने सांगून ठेवले की परिपूर्णता फळाच्या इच्छेतून येते आणि निरिच्छ माणसाला ढिलाई चालते! गॅरेजच्या भाषेत : पैसे देणारे गिऱ्हाईक डोक्यावर असेल तरच काम नीट होते. माझे उत्तर दोन टप्प्यांत आहे. यथाशक्ति म्हणजे शक्ती आहे तिथपर्यंत. इच्छा आहे तिथपर्यंत नव्हे. ज्याच्याकडे मायक्रोमीटर आहे आणि वापरता येतो, त्याने तो न लावणे हे यथाशक्ति नाही. ज्याच्याकडे नाहीच, त्याने क्रँक लेथवाल्याकडे पाठवावा किंवा ‘हे मला मोजता येत नाही’ असे सांगावे. सांगणे तर प्रत्येकाच्या शक्तीत असते. दुसरे, संध्येचे एखादे अंग राहिले तर त्याचा भार करणाऱ्यावरच येतो. गाडीचे अंग राहिले तर तो भार दुसऱ्यावर जातो. क्लच प्लेटवर तेल चढले की ती घसरते किंवा सुटताना गाडी थरथरते, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रस्त्यावरच्या तेलाच्या पट्ट्याशी काही देणेघेणे नसताना तो त्यावर पडतो. ज्या कर्माचा परिणाम दुसरा भोगतो तिथे नित्य कर्माची सवलत लागू करायला मीमांसकही कचरतील, असे मला वाटते. हे वाटणे आहे, प्रमाण नाही. पण विरुद्ध प्रमाणही मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे खानदेशात तरी शोभणार नाही. 1937 साली खटल्याच्या कामाने धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते, आणि दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक जमतात. गीतेने चातुर्वर्ण्याला तात्त्विक टेकू दिला, ही त्यांची टीका प्रसिद्ध आहे. तिच्या उजेडात प्रश्न असा होतो : ग्रीसने माखलेल्या माणसाला फळाची आशा सोड म्हणणारा कोण? बहुतेक वेळा तो, ज्याच्या खिशातून मजुरी जायची असते. निष्काम कर्म हा फुकट कष्ट मिळवण्याचा सोवळा मार्ग झाल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. या टीकेपुढे मी माझे म्हणणे मागे घेत नाही, पण त्याला दोन कुंपणे घालतो. फळत्याग ही स्वतःकडून स्वतःकडे केलेली मागणी आहे. ती दुसऱ्याकडे केली की लगेच खंडणी होते. मालकाने मिस्त्रीला गीता सांगू नये. दुसरे कुंपण पुन्हा मीमांसकांकडूनच मिळते. यज्ञातल्या ऋत्विजांची दक्षिणा हे त्यांच्या मते दान नाही, ते श्रम विकत घेण्याचे मोल आहे. आणि ते यज्ञाचे अंग आहे. यज्ञाचे फळ यजमानाचे, दक्षिणा ऋत्विजाची, आणि ती न देता यज्ञ पुरा होत नाही. म्हणजे मजुरी ही फळाच्या रकान्यात नाहीच. इंजिन उतरवून चढवण्याचे दोन-तीन दिवसांचे श्रम धरून दाम ठरवणे आणि ते चोख घेणे हे कामाचेच अंग झाले, जसे बोल्ट आवळणे. सोडायचे आहे ते यापलीकडचे : नाव, वाहवा, आणि ‘माझ्यामुळे’ हा शब्द. स्वस्तात काम मागणारा मालक अंग तोडून यज्ञ मागत असतो आणि बाटली ओतणारा मिस्त्री त्याच मागणीची शेवटची कडी असतो, हेही इथे सांगून टाकतो.

मग एवढे सगळे करावेच का? रोज पळीभर तेल वाढवावे, गाडीखाली पुठ्ठा टाकावा, चालू आहे ते चालू द्यावे, असे म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. इंजिन खोलणे हेही एक संकट असते. गंजलेला बोल्ट तुटतो, जुन्या नळ्या तडकतात. अठरावा अध्याय याच माणसाशी बोलतो असे मला वाटते. तिथे त्यागाचे तीन प्रकार केले आहेत. मोहाने, न समजता सोडणे हा तामस त्याग. देहाला त्रास होईल या भीतीने सोडणे हा राजस त्याग; त्याला त्यागाचे फळही मिळत नाही. करायचे ते करून आसक्ती सोडणे हा सात्त्विक. आणि त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की प्रत्येक आरंभाला दोष चिकटलेला असतो, अग्नीला धूर असतो तसा, म्हणून स्वभावप्राप्त काम सदोष असले तरी टाकू नये. पुठ्ठा टाकणारी दोन माणसे असू शकतात. एकाने पावडर मारून वाट शोधली आहे, ब्रीदर साफ केला आहे, स्प्लिट पिन हलते का पाहिले आहे, क्लच घसरत नाही हे तपासले आहे, आणि मग ठरवले आहे की एवढा थेंब हा या इंजिनाचा स्वभाव आहे. दुसऱ्याने खाली वाकूनही पाहिलेले नाही, किंवा वाकून पाहिले आणि मेच्या उन्हात गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार नकोसा वाटला. पुठ्ठ्यावरचा डाग दोघांचा सारखाच. पहिल्याने जे सोडले ते मोजून सोडले. उद्या डाग वाढला तर त्याला कळेल, कारण आजचा डाग किती होता हे त्याला माहीत आहे.

या जुन्या इंजिनांना मागे नव्या धर्तीचे रबरी सील बसवण्याचे किट आता मिळते. काही किटांसाठी क्रँकवरच्या आट्या लेथवर घासून गुळगुळीत कराव्या लागतात. तेल थांबते, पण मूळ युक्ती कायमची जाते. ती परत कापून देणारा कारखाना आता नाही. जुन्या वस्तूचे प्रेमी याला भ्रष्ट करणे म्हणतात आणि त्यांच्या रागात तथ्य आहे, तरी मी सरसकट त्यांच्या बाजूचा नाही. जी गाडी वर्षातून एकदा प्रदर्शनात उभी राहते तिच्या आट्या घासणे हा दोष झाकण्यासाठी स्वभाव मारणे आहे. तिला थेंब शोभतो. जी गाडी जळगावहून चाळीसगाव, नाशिक अशी भर उन्हात चालवायची आहे तिचे काम चालणे हे आहे, आणि क्लच वाचवणारे सील तिच्या कामाला धरून आहे. अडचण तिथे येते जिथे मालकालाच ठाऊक नसते की आपल्याला गाडी कशासाठी हवी आहे. तेव्हा मिस्त्रीने दोन्ही वाटा, दोन्हींचे दाम आणि लेथवर गेलेला धातू परत येत नाही ही गोष्ट मालकासमोर ठेवावी, क्रँक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवावा, आणि उत्तर येईपर्यंत दुसरी गाडी हाती घ्यावी.